आधी नऊने भागून पाहावे

बँकेतून निवृत्त झालो त्याला आता आठ वर्षे झाली. निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यापासून मी थोरल्या बंधूंच्या, म्हणजे अण्णांच्या दुकानात रोज सकाळी दहा ते एक बसू लागलो. सांगलीच्या गणपती पेठेत आमचे घाऊक किराणा मालाचे दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले, अण्णांनी ते वाढविले आणि आता पुतण्या ते पाहतो. मी एम. कॉम. होऊन बँकेची नोकरी धरली, तेव्हा वडील काही बोलले नव्हते. परंतु दुकानातील एक जागा रिकामी राहिली याची रुखरुख त्यांना असावी. ती जागा छत्तीस वर्षे उशिरा का होईना, आपण भरून काढतो आहोत, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे.

दुकानाची हिशेबनिशी माझ्याकडे आहे. पूर्वी ती लाल वह्यांत असे. कीर्द, खतावणी, उधारीची वही, सर्व काही अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि पेठेत पाणी शिरले. मालाचे नुकसान तर झालेच. पण पाणी ओसरल्यावर अण्णा ज्या गोष्टीपाशी सर्वांत अधिक वेळ उभे राहिले, त्या होत्या चिखलात लगदा झालेल्या वह्या. माल पुन्हा भरता येतो. कोणाकडून किती येणे आहे, हे मात्र कोठून आणायचे? त्या वेळी बहुतेक गिऱ्हाइकांनी आपणहून येऊन आकडे सांगितले आणि पैसेही दिले, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो. त्यानंतर मी आग्रह धरला आणि दुकानात संगणक आला. हिशेब टॅलीमध्ये बसविले. दर मंगळवारी साऱ्या हिशेबाची प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क दुकानात न ठेवता माझ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर न्यायची, हा नियम मीच घातला आणि मीच पाळतो.

अण्णांना संगणक फारसा पसंत नव्हता. ते एवढेच म्हणाले होते, “तुला कळतं ना? मग झालं.” हे वाक्य मी शाबासकी म्हणून घेतले, खरे तर ती जबाबदारी होती.

आता मूळ गोष्टीकडे वळतो.

आमच्या संगणकावर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित पाठिंबा संपला, म्हणजे तिला मिळणाऱ्या विनामूल्य सुरक्षा-सुधारणा थांबल्या. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही, तो चालूच राहतो. परंतु रात्रीचा पहारेकरी काढून घेतलेल्या वखारीसारखी त्याची अवस्था होते. ज्यांना लगेच बदल शक्य नाही त्यांच्यासाठी एका वर्षाच्या वाढीव सुरक्षेची योजनाही आहे. पण ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात, तेथे तडजोड नको, असे माझ्या बँकेतल्या मनाने घेतले. आमचे यंत्र विंडोज ११ साठी पात्र आहे, हे तपासून पाहिले होते. दिवाळीच्या गर्दीत हात लावला नाही. शेवटी मंगळवार, १८ नोव्हेंबरची संध्याकाळ मुक्रर केली.

ही निवड चुकीची होती, हे आज मान्य करतो. ऑक्टोबर महिन्याचे ३-बी विवरणपत्र २० नोव्हेंबरपर्यंत भरायचे होते. बँकेत असताना मीच कनिष्ठांना सांगत असे की, महिनाअखेरीच्या तोंडावर कुलूप बदलू नये. पण प्रत घेण्याचा वार मंगळवारच होता. तेव्हा एका दगडात दोन पक्षी, असा हिशेब मी केला.

याला आणखी एक कारण होते आणि ते सांगितल्याखेरीज ही हकिकत पुरी होणार नाही. दिवाळीच्या पाडव्याला जेवताना पुतण्या फार हळुवारपणे म्हणाला होता, “काका, आता तुम्ही किती दिवस त्रास घेणार? हिशेबाचं काम बाहेर देऊन टाकू. महिन्याला ठरावीक पैसे दिले की तेच सगळं बघतात.” त्याच्या बोलण्यात काळजीच होती. मी मात्र ते दुसऱ्याच अर्थाने घेतले. वयाच्या ६८व्या वर्षी माणसाला ‘विश्रांती घ्या’ हे शब्द कसे ऐकू येतात, हे त्या वयाचे वाचक जाणतील. कार्यप्रणाली मी स्वतः, कोणाच्याही मदतीविना बदलून दाखवीन, असे मी त्या दिवशीच मनाशी ठरवून टाकले होते.

मंगळवारी आठ वाजता गिऱ्हाईक थांबले. मी प्रत घेतली, डिस्क पिशवीत टाकली आणि काम सुरू केले. यंत्र फाइली उतरवून घेत होते, टक्केवारी सावकाश वाढत होती. साडेनऊ वाजता घरून दोनदा फोन आला. दुकानात एक मुलगा कामाला आहे. वय वीस, सकाळी बी. कॉम.चे वर्ग करतो आणि अकरापासून दुकानात येतो. नदीपलीकडच्या गावाहून सायकलने येणे-जाणे. त्या आठवड्यात महाविद्यालयाला सुट्टी असल्याने तो दिवसभर दुकानात असे. त्याला मी सांगितले, “हे पूर्ण झालं की पडद्यावर आपलं नेहमीचं चित्र येईल. मग यंत्र बंद कर, दिवे घालव आणि शटर ओढून किल्ली घरी आणून दे.” तो सव्वाअकराला किल्ली घेऊन आला. “झालं साहेब, व्यवस्थित झालं,” म्हणाला.

बुधवारी सकाळी दहाला मी यंत्र सुरू केले. नवे चित्र, नवी मांडणी, सारे झळझळीत. पण पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

आमचा माऊस बिनतारी आहे. पहिला माऊस १९६४ च्या सुमारास अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला, तो लाकडी पेटीचा होता आणि त्याला तार होती. तारेचे ते शेपूट पुढे गळून पडले आणि त्याच्या जागी नखाएवढा एक तुकडा आला, ज्याला रिसीव्हर म्हणतात. तो संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचलेला असतो. माऊस हलविला की तो बिनतारी लहरींनी या तुकड्याला कळवितो आणि तुकडा संगणकाला. म्हणजे साखळीला तीन कड्या: माऊस, रिसीव्हर आणि त्या दोघांचे म्हणणे समजून घेणारी कार्यप्रणाली. कोणतीही एक कडी निसटली तरी बाण थांबतो.

मी पहिली कडी तपासली. माऊसच्या पोटाखालचे बटण चालू होते. पेन्सिल सेल बदलून पाहिला, फरक नाही. मग दुसरी कडी पाहण्यासाठी खाली वाकलो. आमच्या यंत्राला पुढच्या बाजूस दोन पोर्ट आहेत. त्यांतले एक सैल झाले आहे, म्हणून रिसीव्हर नेहमी दुसऱ्यात असतो. ते दुसरे पोर्ट रिकामे होते.

पुढे जे घडले ते लिहिताना आजही हात थोडा अडखळतो.

मी मुलाला हाक मारली. “रिसीव्हर कुठं आहे?” त्याला प्रश्नच उमगला नाही. मी पोर्टकडे बोट दाखविले. तो म्हणाला, “साहेब, मी तिथं हात लावला नाही. फक्त पडद्यावर बंद करायचं बटण दाबलं.” मी म्हणालो, “तू नाही तर कोणी? काल रात्री तूच शेवटी इथं होतास. झाडू मारताना धक्का लागला असेल आणि गेला असेल केरात. निदान खरं तरी बोल.” त्या वेळी दुकानात तीन गिऱ्हाइके होती. गादीवर अण्णा होते. मुलाचा चेहरा उतरला. तो पुन्हा काही बोलला नाही. त्याने टेबलाखालची जागा हाताने चाचपली, पोती सरकवून पाहिली, बाहेर ठेवलेली केराची टोपली उलटी करून तो केर एकेक चिमटीने निवडला. काहीच सापडले नाही. मग “शेजारच्या गल्लीत माल पोचवायचा आहे,” एवढे अण्णांना सांगून तो हातगाडी घेऊन निघून गेला.

पुतण्या म्हणाला, “काका, जाऊ द्या. चार-पाचशे रुपयांत नवा माऊस येईल.” त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. साध्या माऊसचा रिसीव्हर त्याच माऊसशी जोडलेला असतो; तो हरवला की दुसऱ्याचा चालत नाही आणि जोडीच नवी घ्यावी लागते. परंतु मला तो उपाय घ्यावासा वाटेना. आदल्या दिवशीपर्यंत चालणारी वस्तू रात्रीत कशी बंद पडली, हे समजल्याशिवाय नवी आणणे म्हणजे फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून ताळेबंद जुळला असे म्हणणे. सस्पेन्स खाते ही सोय आहे, उत्तर नव्हे.

माऊस नव्हता, पण तारेचा कीबोर्ड चालत होता. बँकेत आम्ही संगणक शिकलो तेव्हा माऊस नव्हताच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, ती साऱ्या कळा दाबूनच चालत. ते जुने दिवस उपयोगी पडले. विंडोजची खूण असलेली कळ आणि ‘एक्स’ एकत्र दाबली की डाव्या कोपऱ्यात एक यादी उघडते. त्यात ‘एम’ दाबले की ‘डिव्हाइस मॅनेजर’ समोर येतो. संगणकाला जोडलेल्या सर्व उपकरणांची ही खतावणी आहे, असे समजावे. टॅब दाबून यादीत शिरायचे आणि बाणांच्या कळांनी वर-खाली जायचे. ज्या उपकरणात काही बिघाड असतो त्याच्यासमोर पिवळा त्रिकोण दिसतो.

यूएसबीच्या सदराखाली एक पिवळा त्रिकोण होता. समोर लिहिले होते, ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’. अनोळखी उपकरण.

मी ते दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा त्याचा अर्थ ध्यानात आला. संगणक सांगत होता की, एका पोर्टमध्ये काहीतरी जोडलेले आहे, परंतु ते कोण आहे हे त्याला ओळखता येत नाही. प्रिंटर, कीबोर्ड, बारकोड वाचणारे यंत्र, सारी आपापल्या नावानिशी यादीत हजर होती. मग हे अनोळखी कोण? रिसीव्हर केरात गेला असता, तर यादीत काहीच दिसले नसते. नसलेल्या वस्तूसमोर पिवळा त्रिकोण येत नाही. याचा अर्थ रिसीव्हर यंत्रालाच कोठेतरी जोडलेला होता.

मी मोबाईलचा दिवा लावला आणि टेबलाखाली शिरून यंत्राची मागची बाजू पाहिली. प्रिंटरच्या तारेलगत, निळ्या पोर्टमध्ये तो काळा तुकडा शांतपणे बसलेला होता.

तेव्हा मला आठवले. मंगळवारी संध्याकाळी प्रतीची डिस्क जोडण्यासाठी मला पुढचे धड पोर्ट हवे होते. मी रिसीव्हर काढला, वाकून मागे खोचला आणि पुढे डिस्क लावली. प्रत झाल्यावर डिस्क काढून पिशवीत टाकली. रिसीव्हर परत पुढे आणायचा राहून गेला. हे सारे माझ्याच हातांनी केलेले होते आणि सकाळी त्याचा लवलेशही माझ्या स्मरणात नव्हता. यंत्राला माऊस ओळखू येत नव्हता आणि मला माझीच कृती. दोघांपैकी अधिक काळजीचे कोणते, हा प्रश्न तेथे टेबलाखाली बसल्या बसल्या मनात येऊन गेला. तो अजूनही अधूनमधून येतो.

तेथे आणखी एक गोष्ट आठवली. १९८९ साली मी एका लहान शाखेत अधिकारी होतो. एके दिवशी रोकड पुस्तकाहून २,७०० रुपयांनी कमी भरली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. रोखपाल नवा होता, घरची परिस्थिती बेताची. शाखेत कुजबुज सुरू झाली. मीही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले, हे कबूल करतो. आमचे वरिष्ठ मात्र शांतपणे म्हणाले, “माणसावर संशय घेण्याआधी आकड्याला नऊने भागून पाहा.” हिशेबनिसांना ही युक्ती ठाऊक असते: शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नऊने निःशेष भाग जातो. २,७०० ला नऊने भागले, ३०० आले. तासाभरात चिठ्ठी सापडली. ८,५०० रुपये दिले होते आणि पुस्तकात ५,८०० लिहिले गेले होते. लिहिणारा रोखपाल नव्हताच. तो मुलगा त्या संध्याकाळी कोणाशी न बोलता घरी गेला. त्याची कोणी क्षमा मागितल्याचे मला आठवत नाही. मी तर नक्कीच मागितली नव्हती.

ती शिकवण पुढे मी किती प्रशिक्षणवर्गांत सांगितली असेल! आणि छत्तीस वर्षांनी, स्वतःच्या भावाच्या दुकानात, एका रिकाम्या पोर्टपाशी ती मला सुचली नाही.

मी टेबलाखालून बाहेर येतो आहे तोच मुलगा परत आला. त्याच्या हातात तारेचा एक जुना माऊस होता. “साहेब, समोरच्या औषधाच्या दुकानातून तासाभरासाठी मागून आणला. विवरणपत्राची उद्या शेवटची तारीख आहे ना?”

त्याला तारीख माहीत होती. सकाळी मी त्याला सर्वांदेखत बोललो होतो आणि तो माल पोचवून येताना माझ्यासाठी माऊस मागून आणत होता.

मी मागचा रिसीव्हर काढून तळहातावर ठेवला आणि त्याला दाखविला. म्हणालो, “हा सापडला. मागे होता. काल मीच तिथे लावला आणि विसरलो. तू हात लावला नव्हतास. सकाळी मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं. मला क्षमा कर.” सकाळच्या गिऱ्हाइकांपैकी एक जण अजून मालाची वाट पाहत उभे होते. त्यांनी मान दुसरीकडे वळविली. मुलगा गोंधळला. “जाऊ द्या साहेब, होतं असं,” म्हणाला आणि माझ्या पायांशी वाकू लागला. मी त्याला थांबविले. त्या क्षणी वाकण्याचा हक्क त्याच्याकडे नव्हता. क्षमा मागण्यासाठी तिथीची वाट पाहायची नसते, हे आपण सारेच जाणतो. परंतु भर दुकानात, आपल्याहून ४८ वर्षांनी लहान असलेल्या आणि आपल्याकडे पगार घेणाऱ्या मुलाची क्षमा मागताना जीभ किती जड होते, हे मला त्या दिवशी कळले.

अण्णा गादीवरून सारे पाहत होते. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी तिघांसाठी चहा मागविला.

मग आम्ही दोघांनी मिळून उरलेले काम केले. मुलाने आणलेला माऊस लावताच बाण हलला. यावरून पोर्ट जिवंत आहे आणि यंत्रही शाबूत आहे, हे सिद्ध झाले. आमचा रिसीव्हर पुढच्या पोर्टमध्ये लावला, तरी ‘उपकरण ओळखता आले नाही’ असाच संदेश आला. म्हणजे दोष जागेचाही नव्हता. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अनोळखी नोंदीवर जाऊन ती काढून टाकली, रिसीव्हर बाहेर घेतला आणि संगणक ‘रीस्टार्ट’ केला. पुन्हा सुरू झाल्यावर रिसीव्हर खोचला. दोन सेकंदांत ओळख पटली. बाण पळू लागला.

हे इतके सोपे होते, तर सकाळी यंत्र सुरू केले तेव्हाच का झाले नाही? त्याचे कारण बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. आपण ‘शट डाउन’ करतो तेव्हा यंत्र आपल्या अंतरंगाची काही स्थिती साठवून ठेवते, म्हणजे सकाळी लवकर सुरू होता यावे. जणू दुकान बंद करताना कालची कीर्द न मिटता तशीच उघडी ठेवून जावे. त्यामुळे कालची गफलतही आज जशीच्या तशी पुढे येऊ शकते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे नव्याने मांडले जाते. मुलाने रात्री माझ्या सांगण्याप्रमाणे यंत्र बंद केले होते. त्याला रीस्टार्ट करावयास मी सांगितलेच नव्हते. तेव्हा येथेही त्याचा दोष नव्हता. कार्यप्रणालीलाही मी दोष देणार नाही. एवढ्या मोठ्या बदलानंतर एकदा रीस्टार्ट करणे हे शहाणपणाचे होते आणि ते मी केले नाही.

विवरणपत्र बुधवारीच दुपारी साडेबाराला भरून झाले. एक दिवस उशीर झाला असता तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि कराच्या रकमेवर वार्षिक १८ टक्के दराने व्याज, एवढीच बाब होती. रक्कम किरकोळ; पण अण्णांच्या दुकानाने आजवर कोणतीही मुदत चुकविलेली नाही आणि ती माझ्या हातून चुकू नये, एवढीच माझी इच्छा होती.

आपल्या अनेक घरांत आणि दुकानांत हा बदल झाला असेल किंवा व्हायचा असेल. म्हणून अनुभवातून आलेला क्रम येथे लिहून ठेवतो. बदल करण्यापूर्वी हिशेबाची प्रत घ्यावी आणि ती यंत्रापासून वेगळी ठेवावी. विवरणपत्राच्या तारखेपासून निदान आठवडाभर दूर राहावे. एक तारेचा माऊस कपाटात असू द्यावा. तो दोन-तीनशे रुपयांना मिळतो आणि अडल्या वेळी त्याची किंमत त्याहून पुष्कळ अधिक असते. बदल पूर्ण होताच एकदा रीस्टार्ट करावे. माऊस चालला नाही तर प्रथम त्याचे बटण आणि सेल पाहावा, नंतर रिसीव्हर, मग दुसरे पोर्ट, आणि त्यानंतरच डिव्हाइस मॅनेजर. रिसीव्हर यंत्राच्या मागे, पत्र्याच्या आड न लावता पुढे लावावा. निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क चालू असेल तर रिसीव्हर तिच्यापासून दूर ठेवावा. असे पोर्ट वापरात असताना २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत व्यत्यय येऊ शकतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली एका तांत्रिक टिपणात मांडले आहे आणि बहुतेक बिनतारी माऊस त्याच लहरींवर चालतात.

माऊस ब्लूटूथचा असेल तर त्याला रिसीव्हर नसतो. जुनी जोडणी काढून टाकून ती नव्याने करावी. माऊस थोडा वेळ चालून पुन्हा झोपी जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा दिलेली असते, ती खूण काढावी. विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ पाहावेत. काही वेळा हवा असलेला ड्रायव्हर तेथे थांबलेला असतो. दुसरा माऊस अजिबात नसेल तर डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट आणि नमलॉक या तीन कळा एकत्र दाबून संमती दिली की उजवीकडच्या अंकांच्या कळांनी बाण हलविता येतो. पाचचा आकडा दाबणे म्हणजे क्लिक करणे. आणि काहीच जमले नाही तर बदलानंतर साधारणपणे दहा दिवसांच्या आत ‘रिकव्हरी’मधून जुन्या कार्यप्रणालीकडे परतण्याची वाट असते. दहा दिवसांनंतर ती बंद होते, हे ध्यानात ठेवावे.

माझ्यापुरता मी आणखी एक नियम केला आहे. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात जाताना रजिस्टरमध्ये नोंद होत असे: कोणी दिली, कोणी घेतली, किती वाजता. तशी एक छोटी वही मी आता संगणकाशेजारी ठेवली आहे. काही काढले, हलविले, बदलले की त्यात एक ओळ लिहितो आणि खाली सही करतो. पहिली नोंद १९ नोव्हेंबरची आहे. पुतण्याने ती वही पाहिली तेव्हा तो हसला नाही. “चांगलं आहे काका,” म्हणाला. हिशेब बाहेर देण्याचा विषय मीच पुन्हा काढला. म्हटले, “बाहेर कशाला? हा मुलगा बी. कॉम. करतो आहे. त्याला शिकवतो. दोन वर्षांत तो सगळं सांभाळील. तोवर मी आहे.”

सध्या खरेदीची बिले तोच चढवितो. मंगळवारची प्रतही तोच घेतो आणि मी शेजारी बसून पाहतो. गेल्या महिन्यात एकदा दिवसाचा मेळ बसेना. फरक ५४० रुपयांचा. मी काही बोलण्याआधीच त्याने कागदाच्या कडेला भागाकार मांडला आणि मान वर करून म्हणाला, “साहेब, साठ येतात.” मग आम्ही दोघे मिळून बिले चाळू लागलो.